सात दिवस जमिनीवर

रविवार

आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी हर्णैच्या रस्त्याला तारेवर आलेल्या फांद्या तोडून घेत होतो. ‘तांत्रिक कर्मचाऱ्यांसाठी सुरक्षा व उजळणी प्रशिक्षण, एकलहरे, नाशिक. सोमवार ते शुक्रवार.’ खाली नावांची यादी, त्यात सतराव्या नंबरला मी. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पावसाआधीच्या पंधरवड्यात लाइनमनला परगावी धाडायचं म्हणजे लावणीच्या तोंडावर बैल पाव्हण्याकडे पाठवण्यासारखं. तसं साहेबांना बोलून दाखवलं. ते हसले. “नाना, दर वेळी तुम्ही काहीतरी काढता आणि नाव कापून घेता. या वेळी जाऊन या.”

ते खरं होतं. बावीस वर्षांत मी एकदाच गेलो होतो, तेही नवा असताना. नंतर कधी आईचं आजारपण, कधी गणपती, कधी नुसताच कंटाळा. मनात एकच, की खांबावर चढणाऱ्याला बाकावर बसवून शिकवायचं काय राहिलंय?

दापोलीहून सकाळची मुंबई गाडी धरली. खेड, पोलादपूर, महाड, माणगाव. हायवेचं काम अजून चालूच, त्यावर कोकणातल्या माणसाने काय लिहायचं! लोक खिडकीतून डोंगर बघतात, आमची जात मात्र वर बघते. कुठे पिन इन्सुलेटर तिरका झालाय, कुठे झोल वाढलाय, कुठे ताणाला वेल चढलाय. शेजारच्या आजोबांनी शेवटी विचारलंच, “पक्षी बघता काय?” मी म्हटलं, “नाही, एमएसईबीत आहे.” मंडळ १९६० साली झालं आणि ६ जून २००५ ला त्याच्या कंपन्या झाल्या, त्याला आता दोन दशकं होऊन गेली. पण एसटीत आपली ओळख सांगायची तर ‘एमएसईबी’च म्हणावं लागतं. दुसरं काही सांगितलं की माणूस विचारतो, म्हणजे खाजगी का?

पनवेलला उतरलो, तिथून कल्याण, आणि संध्याकाळची पंचवटी. कसाऱ्यापुढचा थळ घाट लागला. सदतिसास एक असा चढ, म्हणून इथे गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. वर रेल्वेची २५ केव्हीची तार. आमच्या ११ केव्हीच्या दुपटीहून जास्त, आणि दऱ्याखोऱ्यांतून इतकी एका रेषेत ओढलेली की मला हेवा वाटला. त्यांची तार मधे लोंबू नये म्हणून वरून दुसरी तार तिला जागोजागी धरून ठेवते. आमच्या तारेला धरायला फक्त खांब, तोही कुणीतरी ट्रॅक्टर ठोकला नसेल तर.

नाशिक रोडहून एकलहऱ्याला रिक्षाने पोचलो तेव्हा रात्र झाली होती. औष्णिक केंद्राच्या चिमणीवरचे लाल दिवे लांबूनच दिसत होते. २१० मेगावॅटचे तीन संच. आमच्या बाजूला वीज म्हणजे कोयना, पोफळीला डोंगराच्या पोटात तयार होणारी, धूर नाही की राख नाही. जिथे कोळसा जाळून वीज करतात त्याच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच झोपलो. खोलीत गडचिरोलीचा एक पोरगा आधीच येऊन बसला होता, नोकरीला दोन वर्षं झालेली. अहेरीकडून निघालेला, दोन दिवसांचा प्रवास. मला बघून पलंगावरची पिशवी उचलत म्हणाला, “तुम्ही खालच्या पलंगावर झोपा जी, मी वर चढतो. चढायची सवयच आहे ना आपल्याला.”

सोमवार

वर्गात एकतीस जण. चार जणी तंत्रज्ञ बायका, त्यातल्या बीडच्या ताई सगळ्यांत पुढच्या बाकावर. मागचे बाक आम्ही जुन्यांनी धरलेले, हे सांगायला नकोच.

शिकवायला आलेले सर निवृत्तीला टेकलेले अभियंता. हजेरी झाली तरी त्यांनी पंखाही लावला नाही आणि प्रोजेक्टरही. खिशातून साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब काढला आणि टेबलावर ठेवला.

“हा पेटला की किती करंट घेतो?”

कुणी बोलेना. ताईंनी वहीत भागाकार केला. साठ भागिले दोनशे तीस. “पाव अँपिअरच्या जरा वर.”

“म्हणजे दोनशे साठ मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून शंभर मिलिअँपिअर सेकंदभर गेला तर हृदयाचा ठोका बिघडायला पुरे. या एका बल्बात दोन माणसं मरतात, वर थोडा उरतो. घरात गळती झाली की वीज तोडणारा जो आरसीसीबी लावतात तो तीस मिलिअँपिअरला का पडतो, ते आता कळलं?”

तीसचा आकडा मला माहीत होता. शंभर वेळा तो स्विच मी लोकांना बसवून घ्यायला सांगितलाय. पण बल्बाची आणि माणसाची अशी तुलना कधी केली नव्हती. खांबावर आम्ही व्होल्टची भाषा बोलतो. एलटी म्हणजे घरांना जाणारी कमी दाबाची लाइन. “एलटीच आहे रे, दोनशे तीस, काय होतंय,” हे वाक्य बावीस वर्षांत किती जणांच्या तोंडून ऐकलंय आणि किती वेळा स्वतः म्हटलंय!

मग हातमोजे. प्रत्येकाला एक जोडी दिली आणि ‘तपासा’ म्हणाले. आम्ही उलटेपालटे केले, बोटं ताणून बघितली. सरांनी एक मोजा घेतला, मनगटाकडून गुंडाळत आणला, आतली हवा बोटांत कोंडली आणि तो फुगलेला पंजा कानाजवळ धरला. मग गालाजवळ. “डोळ्याला भोक दिसत नाही. गालाला हवा लागते.” माझ्या हातातल्या मोज्याच्या अंगठ्यापाशी मला गार फुंकर जाणवली. मुद्दाम ठेवलेला खराब मोजा होता तो, पण मी नुसता बघून त्याला चांगला म्हणून बाजूला ठेवला होता.

दुपारी नियम. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम, आधी २०१० चे, आता २०२३ चे. लाइनवर काम करणाऱ्या माणसाचं प्रशिक्षण हे मेहेरबानी नाही, ते त्यात लिहिलेलं आहे. २००२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणातही वीज क्षेत्रातल्या प्रत्येकाला वर्षातून एक आठवडा प्रशिक्षण असं आहे. सर हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, तरी मला उगाच वाटलं की बघतायत. जेवणानंतरचा तास, ऊन चाळिशीला टेकलेलं, मागच्या बाकावर दोघं चक्क घोरले.

मंगळवार

आवारात खांबांची एक खोटी लाइन उभी आहे. सात-आठ खांब, रोहित्र, लाइन तोडायचा एबी स्विच, डीओ फ्यूज, सगळं खरं, फक्त वीज नाही. सकाळी सातलाच तिथे नेलं.

सरांनी कागद दिला. ‘फिडरवर तुटलेला जम्पर जोडायचा आहे. उपकेंद्रातून लाइन बंद घ्या आणि काम करा.’ फिडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी ११ केव्हीची लाइन, जम्पर म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा. मी पुढे गेलो, म्हटलं दाखवू यांना. फोनवर लाइन बंद केल्याचं परमिट मागितलं, नंबर लिहून घेतला, एबी स्विच उघडला, कुलूप घातलं, बेल्ट लावला आणि चढलो. वर पोचून जम्परला हात घातला तशी खालून शिट्टी.

“नाना, तुम्ही मेलात.”

सगळे हसले. मीही हसलो. “का? लाइन बंद आहे की.”

“कोण म्हणतं?”

“उपकेंद्र.”

“उपकेंद्राने तिकडचं टोक बंद केलं. इकडचं कुणी केलं?” त्यांनी बोट दाखवलं. खांबाशी, मी जिथे चपला काढल्या होत्या तिथेच, डिस्चार्ज रॉडचा संच, म्हणजे बंद तारा जमिनीला जोडायचे दांडे, टेकवून ठेवलेला. मी त्याला ओलांडून चढलो होतो.

खाली उतरलो तेव्हा त्यांनी तो रॉड माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर करायला लावला. आधी खिळा जमिनीत ठोकायचा, ओल्या जागी, आणि केबलचं अर्थचं टोक त्याला आवळायचं. ते झाल्यावर मग रॉडचा आकडा तारेला. एक, दोन, तीन, तिन्ही तारा. काढताना उलटं, आधी तारेवरचा आकडा, शेवटी जमिनीतला खिळा. क्रम चुकला तर रॉड धरणारा माणूसच अर्थ होतो. कामाच्या एका बाजूला नाही, दोन्ही बाजूंना. पहिल्या तारेला आकडा लावताना रॉडच्या टोकाला बारीक ठिणगी उडते का बघायचं. बंद लाइन वरून मोठी लाइन ओलांडत असेल तर नुसत्या सान्निध्यानेसुद्धा तिच्यात दाब येतो. मला सगळं येत होतं, एकाही ठिकाणी अडलो नाही. मग आधी का केलं नाही, याला उत्तर नव्हतं.

सरांनी विचारलं, “खरं सांगा, रॉड किती जण टाकतात?” गप्प. “बरं, रॉडऐवजी काय करता?” तेव्हा हळूहळू सुरू झालं. कुणी बाइंडिंग वायरचं भेंडोळं करून तारांवर फेकतो. कुणी सायकलची साखळी. कुणी हाताची पाठ लावून बघतो, का तर शॉक बसला तर बोटं मिटून तार पकडली जाऊ नये. एकाने सांगितलं की त्याचा उस्ताद टेस्टर नसला की डासासारखं गुणगुणतंय का ते कान देऊन ऐकायचा. हे सगळं आम्ही कुणीतरी दाखवल्यावरच शिकलो. त्या दाखवणाऱ्यालाही कुणीतरी दाखवलं असणार. आयटीआयने खांबावर चढवलं, पण वर गेल्यावर काय टाळायचं आणि काय चालतं हे सगळं तोंडी, पान खाता खाता.

त्या दिवशी झाडाखाली बसून मी एक गोष्ट सांगितली, जी मी घरीही सांगितली नव्हती.

नोकरीच्या चौथ्या वर्षातली. लग्नसराई, असाच मे. गावाच्या टोकाला एलटीची तार तुटली होती. मी डीपीवरचे, म्हणजे रोहित्राच्या खांबावरचे, तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले, म्हणजे लाइन मेली, आणि चढलो. तार हातात धरली आणि उजवा हात आपोआप आवळला. ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. मग हात कसा सुटला ते आठवत नाही, पट्ट्याला लोंबकळत होतो, डोकं खाली. शेजारच्या मंगल कार्यालयात वीज गेल्यावर जनरेटर लावला होता, मधे चेंजओव्हर स्विच नीट नव्हता, आणि त्यांची वीज उलटी माझ्या मेलेल्या लाइनवर आली होती. रॉड सोडा, साधी तार टाकून शॉर्ट केली असती तर जनरेटर आडवा झाला असता, मी नाही.

करंगळी आजही पूर्ण उघडत नाही. पण नोंदीत मी लिहिलं, ‘खांबावरून पाय घसरला’. चूक माझी होती, आणि ती कबूल करायची लाज वाटली. त्यामुळे त्या डीपीवर माझ्यानंतर जो चढला त्याला जनरेटरचं कुणीच सांगितलं नाही.

गडचिरोलीचा पोरगा बराच वेळ माझ्या करंगळीकडे बघत होता. रात्री खोलीत म्हणाला, “काहून नाही लिहिलं जी तेव्हा?” मी झोपल्याचं सोंग केलं.

बुधवार

काल मी जे बोललो ते सरांनी सोडलं नाही. सकाळी फळ्यावर रोहित्र काढलं. एका बाजूला ११,०००, दुसऱ्या बाजूला ४३३.

“रोहित्राला अक्कल नसते,” म्हणाले. “वरून द्या, खाली मिळेल. खालून द्या, वर मिळेल.”

मग गणित. खालच्या बाजूला एका फेजचे अडीचशे व्होल्ट, वर दोन तारांत ११,०००. म्हणजे चव्वेचाळीस पट. एखाद्याने घरातला जनरेटर २३० व्होल्टवर लाइनला उलटा जोडला आणि डीपीचे फ्यूज जागेवर असले, तर २३० गुणिले ४४. ताईंनी पुन्हा सगळ्यांआधी उत्तर दिलं. दहा हजार एकशे वीस.

मी वहीत तो आकडा लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसलो. त्या दिवशी मी फ्यूज काढून खिशात घातले होते म्हणून माझ्यापुरतं २३० वर निभावलं. ते काढले नसते आणि फिडर बंद घेऊन पलीकडच्या ११ केव्हीच्या खांबावर आमचा दुसरा गडी असता, तर? जनरेटर किती वेळ तेवढा भार ओढेल हा वेगळा प्रश्न, पण माणसाला वेळ लागतो कुठे.

यावरून वर्गात भांडण जुंपलं, आणि पूर्ण आठवड्यातला हा सगळ्यांत चांगला तास. विषय सोलरचा. सूर्यघर योजनेमुळे गावागावांत छपरावर पॅनल चढलेत; दापोलीतही हॉटेलं, होमस्टे, साधी कौलारू घरंसुद्धा. साताऱ्याच्या एकाचं म्हणणं, आता प्रत्येक घर म्हणजे छोटं वीजकेंद्र, आपण कुठली लाइन मेलेली मानायची? सर म्हणाले, ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेल्यावर स्वतः बंद पडायला हवा, त्याची तशी रचना असते, तेवढ्यासाठी सोलरला घाबरू नका. साताऱ्याचा ऐकेना. “असते म्हणजे असेलच असं नाही ना?” माझं मत त्याच्या बाजूने. कंपनीच्या कागदावरचं यंत्र ठीक असेल, पण शेजारी त्याच घरात बॅटरीवाला जुना इन्व्हर्टर आणि रस्त्यावरून आणलेला जनरेटर असतो, आणि वायरिंग कुणाच्या भाच्याने केलेलं असतं. शेवटी सर म्हणाले, “म्हणजे मी सोमवारपासून जे सांगतोय तेच तुम्ही मला सांगताय. सोलर असो, जनरेटर असो, वीज कुठून येईल त्याचा विचारच करू नका. रॉड टाका.”

दुपारी त्यांनी तुटलेल्या तारेचं सांगितलं. जिवंत तार जमिनीवर पडली की तिच्याभोवती जमिनीतच दाब पसरतो, तारेजवळ जास्त, लांब जाऊ तसा कमी. दोन पायांत जेवढं अंतर, तेवढा फरक अंगातून जातो. म्हणून अशा जागेतून पळायचं नाही, पावलं जुळवून घसटत बाहेर यायचं. तेव्हा मला आमच्याकडचं कोडं सुटलं. पावसाळ्यात शेतात तार पडते, त्यात बैल मरतो आणि त्याच्या मागून चालणारा गडी वाचतो. लोक म्हणतात, मुक्या जनावराने धन्याचं मरण आपल्यावर घेतलं. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय केवढे लांब असतात, आणि मधे छाती. मी हे बोललो तर भंडाऱ्याचा एक म्हणाला, त्यांच्याकडेही अगदी हेच म्हणतात.

संध्याकाळी निसर्ग वादळाचा विषय निघाला. ३ जून २०२०. केळशी, आंजर्लं, हर्णै, मंडणगड, खांब काड्यांसारखे मोडून पडलेले, आणि वर कोरोना. राज्यभरातून माणसं आली होती आमच्याकडे. खान्देशातले एक वरिष्ठ तंत्रज्ञ बॅचमधेच निघाले, ते तेव्हा आंजर्ल्याला होते. चिखलात खांब उभे करताना लोकांनी त्यांना फणस आणून दिला होता, तो कसा फोडायचा हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पकडीने फोडला. पकड चिकाने भरली ती महिनाभर उघडेना, असं म्हणाले आणि सगळा मेस हसला. मी त्यांना तेव्हा भेटलो नव्हतो. एकाच तालुक्यात, एकाच फिडरच्या दोन टोकांना आम्ही काम करत होतो, आणि ओळख झाली ती सहा वर्षांनी, एकलहऱ्यात, वरणभात खाताना.

गुरुवार

सकाळी खांबावरून माणूस खाली आणायचा सराव. वर गोणपाटाचा माणूस बांधलेला, आत वाळू, वजन साधारण आपल्याएवढं. दोर क्रॉसआर्मवरून घ्यायचा, त्याचं एक टोक गड्याच्या छातीभोवती, काखेतून, गाठ पुढे, उरोस्थीच्या वर. दुसरं टोक खाली उभ्या माणसाच्या हातात. दोर ताणला, वजन त्याने घेतलं याची खात्री झाली, की मग त्याचा पट्टा कापायचा. आधी पट्टा कापला तर तुम्हीच त्याला पाडलात.

माझी गाठ दोन वेळा निसटली. तिसऱ्यांदा बसली. गोणपाटाचा माणूस हळूहळू खाली गेला, पाय लोंबत, मान एका बाजूला. वाळूच होती ती. तरी मी वरून बघवेना म्हणून तोंड फिरवलं.

मग छाती दाबायचं. रबराचा पुतळा, हात सरळ, कोपर न वाकवता, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशे वीस. तीस दाब, दोन श्वास. बरोबर दाबलं की पुतळ्यातून ‘टक’ असा आवाज येतो. दोन मिनिटांत घाम फुटतो. आमच्यातले धिप्पाड दोघं दीड मिनिटातच उठले. ताईंचा पहिल्या दाबापासून ‘टक’. सरांनी विचारलं, आधी केलंय का? ताई म्हणाल्या, “व्हय, सासऱ्याला. दवाखान्याची गाडी येईस्तोवर.” वाचले का, हे कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, दुसऱ्या फेरीला बसल्या.

संध्याकाळी चौघं मिळून रामकुंडावर गेलो. शहरभर येऊ घातलेल्या सिंहस्थाची कामं. घाटावर बसून गोदावरीकडे बघायचं, तर आमचा गडचिरोलीचा गडी वर बघतोय. “नाना, ती केबल बघा, कशी लटकवली.” त्याला म्हटलं, हात जोड आधी.

शुक्रवार

परीक्षा. मला पंचवीसपैकी एकवीस, ताईंना पंचवीस. प्रमाणपत्र, फोटो, एक लांब भाषण. स्मार्ट मीटरचा एक तास होता, त्यात नवीन पोरं रमली, मी खिडकीबाहेर बघत होतो. निघताना सरांनी साठ वॅटचा बल्ब पुन्हा खिशात टाकला.

शनिवार

नाशिकला येऊन मिसळ न खाता कसं जायचं. गडचिरोलीच्या पोराला सोबत घेतलं. त्याने रस्सा तीनदा घेतला, नाक पुसत, आणि निघताना माझा नंबर मागितला. “अडलं तर फोन करतो जी.” मी म्हटलं, अडायच्या आधी कर.

परतीला कल्याणला गर्दी, पनवेलला दीड तास एसटी नाही. माणगावच्या पुढे वळवाचा पाऊस लागला. काचेवर पाणी, वर विजा. खेडपासून पुढे सगळा काळोख, एकाही घरात दिवा नाही. गाडीतली माणसं आपापसांत बोलायला लागली, “गेली वाटतं लाइट, आता उद्याच.” कुणीतरी एमएसईबीच्या नावाने ठेवणीतली एक शिवी दिली. मी पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसलो. आज मी पक्षी बघणारा.

घरी पोचलो तर तिथेही अंधार. बायको कंदील घेऊन पडवीत उभी. “आलात? आता तरी लावा लाइट,” म्हणाली, जशी काही मी ती नाशिकला घेऊन गेलो होतो. पाय धुतले, चहा घेतला. पाऊस थांबला होता. शेजारच्या होमस्टेत पर्यटक होते, त्यांच्या खोल्यांत ट्यूब लागलेल्या, आणि मागच्या अंगणात त्यांचा जनरेटर भडभडत होता.

कप खाली ठेवला आणि ड्यूटीवरच्या पोराला फोन लावला. कुठे आहेस विचारलं. आमच्याच वाडीच्या वरच्या खांबाशी, म्हणाला, फांदी पडलीय, परमिट घेतलंय, आता चढतोच.

“रॉड टाकलास?”

तो जरा थांबला. मागे गाडीचं इंजिन ऐकू येत होतं.

“लाइन बंद आहे नाना.”

“जनरेटर ऐकू येतोय का तुला तिथे?”

पुन्हा थांबला. मग पायांचा आवाज आला, गाडीचा दरवाजा उघडल्याचा, आणि त्यामागून प्लास्टिक टराटरा फाडल्याचा.

“थांबा नाना,” म्हणाला, “फोन चालू ठेवा. आधी कुठलं टोक लावायचं?”